काडेपेटीएवढा ओबीडी स्कॅनर: घ्यावा की नाही?

चेक इंजिनचा दिवा लागतो, गॅरेजमध्ये स्कॅनर लावून कोड पुसला जातो आणि आठवड्याभरात दिवा पुन्हा हजर होतो. मग ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) बदलतात, तरी दिवा लागतोच. मग आणखी एक सेन्सर, आणि शेवटी ‘बहुतेक ईसीयूच (इंजिनचा संगणक) गेलाय’ हे वाक्य कानावर येतं. या फेऱ्याला कंटाळलेला माणूस ब्लूटूथचा ओबीडी (गाडीच्या स्वतःच्या निदान यंत्रणेशी बोलणारा) स्कॅनर मागवतो, त्यावर ‘पी०४२०’ वाचतो, नेटवर अर्थ शोधतो आणि महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा भाग) बदलायला निघतो. चूक तीच, फक्त आता स्वतःच्या हाताने केलेली.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. हा डबा घ्यावा. मात्र नुसता कोड वाचून पुसायला घेणार असाल तर घेऊ नका, कारण कोड फक्त तक्रार नोंदवतो. कुठली चाचणी नापास झाली एवढंच त्यातून कळतं. कुठला पार्ट खराब आहे हे नाही. त्याच डब्यातून दिसणारी फ्रीझ फ्रेम (कोड नोंदला त्या क्षणीचे आकडे), पेंडिंग कोड (अजून पक्के न झालेले) आणि चालू इंजिनचे आकडे ही त्याची खरी कमाई आहे, आणि विकत घेणारे बहुतेक लोक तिकडे फिरकतच नाहीत.

वस्तू साधी आहे. स्टीअरिंगच्या खाली गुडघ्यापाशी १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात ती बसते. अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपात पेट्रोलसाठी २००१ पासून नव्या गाड्यांना हे सॉकेट सक्तीचं झालं, म्हणून एकच डबा इतक्या कंपन्यांच्या गाड्यांना चालतो. १६ नंबरच्या पिनेवर बॅटरीचा प्लस थेट येतो, ४ आणि ५ वर अर्थ (ग्राउंड), ६ आणि १४ वर कॅन बसच्या (गाडीतले संगणक जिच्यावर आपसात बोलतात त्या जाळ्याच्या) दोन वायरी, तर जुन्या गाड्यांत ७ नंबरवर के-लाइन, म्हणजे जुन्या पद्धतीची संथ वायर. स्कॅनर अजिबात पेटला नाही तर डबा परत करण्याआधी या सॉकेटचा फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत तो सिगरेट लायटरच्या सॉकेटच्या फ्यूजवरच असतो आणि मोबाइल चार्जरच्या भानगडीत उडालेला असतो.

आतली चिप हा खरेदीतला कळीचा मुद्दा. ‘ईएलएम ३२७’ ही मूळ चिप कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची. तिच्या पहिल्या आवृत्तीला कॉपीपासून संरक्षण नव्हतं, त्यामुळे नकलांचा पूर आला. आज स्वस्तात मिळणारा जवळजवळ प्रत्येक डबा नक्कल असतो. खोक्यावर ‘व्ही १.५’ लिहिलं असेल तर गंमत अशी की मूळ कंपनीने १.५ नावाची आवृत्ती कधी काढलीच नाही. तरी १.५ लिहिलेले काही डबे व्यवस्थित चालतात, आणि ‘२.१’ म्हणवणाऱ्या पुष्कळ डब्यांत निम्म्या आज्ञाच गाळलेल्या असतात. आवृत्तीच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. डबा हातात आल्यावर परीक्षा घ्या. अॅपमधून गाडीचा १७ अक्षरी व्हीआयएन नंबर (ओळख क्रमांक) मागवा. कॅन बसच्या गाड्यांत हे उत्तर एका संदेशात मावत नाही, तुकड्यातुकड्यांनी येतं. ते अर्धवट आलं किंवा प्रत्येक वेळी वेगळं आलं, तर डब्याला लांब उत्तरं झेपत नाहीत. अशा डब्यावर पुढे मोड ०६ चे, म्हणजे गाडीने स्वतः घेतलेल्या चाचण्यांचे निकालही धड दिसणार नाहीत. परत पाठवा.

फोनचं गणित वेगळं. अँड्रॉइडला साधा ब्लूटूथ डबा चालतो. जोडताना पिन बहुधा १२३४ किंवा ०००० असते. आयफोनला मात्र साधा क्लासिक ब्लूटूथ डबा चालत नाही. त्याला ब्लूटूथ एलई किंवा वाय-फायवाला लागतो. वाय-फायच्या डब्यात एक कटकट आहे: फोन त्याच्या नेटवर्कला जोडला की इंटरनेट तुटतं आणि कोडचा अर्थ शोधायला पुन्हा अदलाबदल करावी लागते. एलईवाला बरा. अॅपमध्ये टॉर्क किंवा कार स्कॅनर यातलं कुठलंही सुरुवातीला पुरे. फोर्ड आणि माझदासाठी फोरस्कॅन आहे, आणि ते कित्येक महागड्या यंत्रांना लाजवतं.

जोडणीचा क्रम पाळा. गाडी बंद, डबा घट्ट बसवा, मग इग्निशन ऑन करा पण सेल्फ मारू नका. फोनशी जोडणी झाली की आधी साठवलेले कोड, मग पेंडिंग कोड, मग फ्रीझ फ्रेम. तिन्हींचे स्क्रीनशॉट काढून झाल्याशिवाय ‘क्लिअर’च्या बटणाकडे बोट नेऊ नका. त्या एका बटणाने कोडबरोबर फ्रीझ फ्रेम जाते, इंजिनने शिकलेले फ्युएल ट्रिम (पेट्रोल किती टक्के वाढवलं-घटवलं ते; शॉर्ट टर्म क्षणापुरता, लाँग टर्म शिकलेला) अनेक गाड्यांत शून्यावर येतात आणि बहुतेक रेडिनेस मॉनिटर (कुठल्या चाचण्या पूर्ण झाल्या ते सांगणारे) ‘अपूर्ण’ दाखवू लागतात. पुसून मेकॅनिककडे नेलेली गाडी म्हणजे पुरावे धुऊन पोलिसांना बोलावण्यासारखं. अनेक अॅप्स हे बटण कोडच्या यादीखालीच ठळक रंगात देतात. या मांडणीला आमच्याकडून शून्य गुण.

‘पुसला तरी परत का येतो’ याचं उत्तर गाडीच्या मोजणीत आहे. बहुतेक बिघाड एकदा दिसला की पेंडिंग म्हणून नोंदला जातो, दिवा लागत नाही. लागोपाठ दुसऱ्या ड्राइव्ह सायकलमध्ये (इंजिन चालू करून, चालवून, बंद करण्याच्या फेरीत) तोच बिघाड दिसला तर दिवा लागतो. पुढच्या तीन सायकल निर्दोष गेल्या तर दिवा आपोआप विझतो, पण कोड साधारण ४० वॉर्म-अप होईपर्यंत स्मृतीत राहतो. वॉर्म-अप म्हणजे नुसतं चालू करून बंद करणं नव्हे. पेट्रोल गाडीत कूलंट निदान २२ अंशांनी चढून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत जावं लागतं. घराजवळच्या छोट्या फेऱ्यांत कित्येकदा ते होतच नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची चाचणी तर इंजिन पूर्ण गरम असताना, ठरावीक वेगात, काही मिनिटं स्थिर चालल्यावरच होते. म्हणून पुसल्यावर चार-पाच दिवस दिवा लागला नाही म्हणजे दुरुस्ती झाली असं नाही; बहुतेकदा चाचणीच अजून झालेली नसते. अॅपमध्ये रेडिनेसच्या पानावर ‘कॅटॅलिस्ट: अपूर्ण’ दिसत असेल तोवर बिल चुकतं करायची घाई नको.

आता फ्रीझ फ्रेम. कोड नोंदला त्या क्षणीचे आकडे गाडी फोटोसारखे जपून ठेवते. समजा पी०१७१ आहे, म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. एका गाडीच्या फ्रेममध्ये दिसतं: आरपीएम ७५०, वेग ०, कूलंट ८८ अंश, शॉर्ट टर्म ट्रिम अधिक १४, लाँग टर्म अधिक ११. दुसरीत: आरपीएम २८००, वेग ८५, लोड ७० टक्के, लाँग टर्म अधिक २३. कोड एकच, पण दुखणी दोन. पहिलीत आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) हवा चोरून आत येतेय. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना छोटी गळतीही मोठा वाटा उचलते. रेस दिल्यावर तीच गळती एकूण हवेच्या मानाने नगण्य होते आणि ट्रिम खाली येतो. इथे इनटेकचे रबरी होस, पीसीव्हीची (इंजिनातली वाफ इनटेकमध्ये नेणारी) नळी, ब्रेक बूस्टरची नळी आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट बघायचं. दुसरीत आयडलला सगळं ठीक, पण मागणी वाढली की पेट्रोल पुरत नाही: तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप, किंवा हवा कमी मोजणारा एमएएफ सेन्सर. एमएएफ साफ करायचा तर त्यासाठीचाच स्प्रे वापरा. कार्ब्युरेटर क्लीनरने आतली बारीक तार कायमची बिघडू शकते. या दोन्ही गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर बदलून काहीही साधलं नसतं. तो बिचारा खरं तेच सांगत होता.

ट्रिमचं ढोबळ प्रमाण असं धरा: शॉर्ट आणि लाँग यांची बेरीज अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नको. आयडलला आणि नंतर २५०० आरपीएमला, अशी दोनदा बघा. ती दोन निरीक्षणं गॅरेजला दिलीत तरी अर्धं निदान झालेलं असतं.

पी०४२० वर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. कन्व्हर्टर धड असेल तर मागचा सेन्सर जवळजवळ स्थिर राहतो, साधारण ०.६ ते ०.८ व्होल्ट. तपासणीआधी गाडी २० मिनिटं चालवून गरम करा, मग उभी असताना २५०० आरपीएम दोन-तीन मिनिटं धरा आणि स्क्रीनवर फक्त मागच्या सेन्सरचा आलेख ठेवा. तो ०.१ ते ०.९ दरम्यान भराभर खालीवर होत असेल तर कन्व्हर्टरवर संशय पक्का होतो. पण आधी दोन गोष्टी तपासा. मागच्या सेन्सरच्या आसपास एक्झॉस्टला भेग किंवा सैल जोड असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. थंड इंजिन चालू करून जोडांपाशी ‘फट् फट्’ आवाज येतो का ऐका. गरम झाल्यावर धातू फुगून भेग मिटते आणि आवाज जातो. दुसरं, इंजिन तेल पीत असेल किंवा मिसिंग करत असेल (एखाद्या सिलिंडरमधलं पेट्रोल नीट जळत नसेल) तर नवा कन्व्हर्टरही त्याच वाटेने जाईल. आणि एक सावधगिरी: पुष्कळ नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो. तो व्होल्टमध्ये नाचत नाही, लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १.० म्हणजे नेमकं योग्य) १.० च्या आसपास स्थिर दिसतो. जुने व्हिडिओ बघून ‘पुढचा सेन्सर हलत नाही, म्हणजे गेला’ असं म्हणत लोक चांगला सेन्सर काढून फेकतात.

इथेच स्वस्त डब्याची मोठी मर्यादाही कळते. ब्लूटूथ नक्कल सेकंदाला मोजकीच उत्तरं आणते, के-लाइनच्या जुन्या गाडीत तर आणखी कमी. स्क्रीनवर हौसेने १२ मीटर मांडले की प्रत्येकाची पाळी उशिरा येते आणि भराभर हलणारा सेन्सर सपाट दिसतो. एका वेळी दोन, फार तर तीन आकडे निवडा.

मिसिंगसाठी मात्र हा डबा सोन्यासारखा. पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरला मिसिंग. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असलेल्या इंजिनात दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा (इंजिन बंद आणि थंड असताना, बोल्ट बहुधा १० मिमीचा), कोड पुसा, गाडी चालवा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल दोषी. पी०३०२ वरच राहिला तर तीच अदलाबदल प्लगची करा. तरीही तिथेच राहिला तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशनकडे वळा. एकही नवा पार्ट न घेता चारातला एक सापडतो, चारही कॉइल एकदम बदलायची गरज पडत नाही. कॉइल ओढताना कनेक्टरची कुलूपपट्टी दाबून काढा. उन्हापाण्याने कडक झालेलं ते प्लास्टिक तुटलं तर कनेक्टर सैल बसेल आणि नवंच मिसिंग सुरू होईल. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर प्रयोग नंतर. न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो. पाय हलका करा आणि लवकरात लवकर थांबा.

एकाच वेळी एबीएस, पॉवर स्टीअरिंग, एअरबॅग असे तीन-चार दिवे लागले, ‘यू’ने सुरू होणारे (आपसातला संपर्क तुटल्याचे) कोड आले, की आधी व्होल्टेज बघा. इतके मॉड्यूल (त्या त्या यंत्रणेचे संगणक) एकाच दिवशी मरत नाहीत. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला १२.६ व्होल्टच्या आसपास असावेत; १२.२ म्हणजे अर्धी रिकामी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ हे नेहमीचं, मात्र स्मार्ट अल्टरनेटरच्या (गरजेप्रमाणे चार्जिंग बदलणाऱ्या) गाड्यांत आकडा याच्या खालीवर मुद्दाम होतो. डब्यावर दिसणारं व्होल्टेज नकलांमध्ये दोन-चार दशांशांनी चुकतं, तेव्हा एकदा बॅटरीवर मल्टिमीटर लावून फरक टिपून ठेवा. सेल्फ मारतानाची क्षणभराची घसरण या डब्याला पकडता येत नाही. ती मल्टिमीटरवर मिन-मॅक्स लावून बघा. साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी किंवा तिची टर्मिनल्स बघायला हवीत. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी आणि बॉडीकडे जाणारी अर्थची वायर साफ करून घट्ट केल्यावर ‘खराब मॉड्यूल’ बरी झाल्याची उदाहरणं गॅरेजवाल्यांना नवीन नाहीत.

पी०१२८ (कूलंट पुरेसं गरम होत नाही) ला फार डोकं लावू नका. मोकळ्या रस्त्यावर कूलंट ७० अंशांच्या आसपासच रेंगाळत असेल, तर बहुधा थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. त्याआधी इंजिन थंड असताना कूलंटची पातळी बघा, इतकंच.

एबीएस आणि एअरबॅगपाशी हा डबा थिटा पडतो. सर्वसामान्य ओबीडीत प्रदूषणाशी संबंधित कोड द्यावेच लागतात, बाकीचे मॉड्यूल प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या भाषेत बोलतात. अॅपमध्ये तुमच्या गाडीचं प्रोफाइल असेल आणि डब्याची चिप साथ देत असेल तरच ते उघडतात. उघडलं तर एबीएससाठी चारही चाकांचे वेग एकत्र बघा. १५-२० किमी वेगाने सरळ जाताना तीन चाकं सारखी आणि एक मध्येच शून्यावर येत असेल, तर गडबड त्या चाकापाशी: सेन्सरवर गंज, तुटलेली रिंग, चिरडलेली वायर. व्हील बेअरिंग बदलल्यानंतर लगेच दिवा लागला असेल तर बेअरिंग उलटं बसवलेलं असू शकतं. अनेक बेअरिंगांत एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते आणि ती सेन्सरकडे यायला लागते. या चुकीसाठी नवं एबीएस मॉड्यूल घ्यायला सांगितलं जातं, हे त्यातलं दुर्दैव.

एअरबॅगचा दिवा बऱ्याचदा सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरमुळे लागतो. सीट पुढेमागे करताना किंवा आत साफसफाई करताना तो सैल होतो. तरी हात लावण्याआधी बॅटरी सोडवून गाडीच्या पुस्तिकेत दिली तेवढी मिनिटं थांबा, आणि त्या वायरींवर मल्टिमीटरने ओहम मोजायला कधीही जाऊ नका. खात्री नसेल तर हे काम माहितगारावर सोडा. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला तर स्कॅनर काढत बसू नका. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि डिपस्टिक बघा.

डब्याच्या तक्रारी आणखी दोन. १६ नंबरची पिन कायम जिवंत असते, त्यामुळे डबा गाडी बंद असतानाही करंट खातो. समजा ४५ मिलिअँपिअर धरले तर दिवसाला साधारण १ अँपिअर-अवर. ४५ अँपिअर-अवरची बॅटरी, त्यात गाडीचा स्वतःचा चोरखर्च. दोन-तीन आठवडे उभी राहिली तर सेल्फ न मारण्याइतकी उतरू शकते. काम झालं की काढा. दुसरं, लांबट आकाराचा डबा अनेक गाड्यांत गुडघ्याला लागतो, आणि धक्के खाऊन सॉकेटच्या पिना सैल होतात. लांबीला बुटका घ्या किंवा छोटी एक्स्टेन्शन वायर लावा. काही कंपन्यांच्या नव्या गाड्यांत सिक्युरिटी गेटवे (बाहेरच्या यंत्रांना अडवणारं) असतं. तिथे कोड वाचता येतात, पुसता येत नाहीत. यात डब्याचा दोष नाही.

वायरवाला, स्क्रीन असलेला हातातला रीडर घ्यावा का? ज्यांना फोन-अॅपची कटकट नको, त्यांना बरा; तो जोडताच चालू होतो. पण बहुतेक साध्या रीडरवर आलेख बारीक किंवा नाहीच, आणि कंपनीचे खास कोड अपडेटवर अवलंबून. एकापेक्षा जास्त गाड्या असतील, किंवा डबा गाडीतच ठेवायचा असेल, तर ओबीडीलिंक एमएक्स प्लससारखा एसटीएन चिपचा (ईएलएमला पर्याय) अडॅप्टर बघा: गाडी बंद झाली की झोपतो, वेग चांगला, फोर्डची एमएस-कॅनही (दुसरी, कमी वेगाची कॅन बस) वाचतो. गॅरेजच्या टॅब्लेट स्कॅनरची जागा यातला एकही घेत नाही. इंजेक्टर कोडिंग, डीपीएफचं (डिझेलच्या काजळीच्या फिल्टरचं) सक्तीचं रिजनरेशन म्हणजे काजळी जाळणं, एबीएसमधली हवा काढणं, ही कामं तिकडेच.

डबा घेतलाच तर पहिल्याच रविवारी एक काम उरकून टाका, तेही दिवा लागलेला नसताना. इंजिन पूर्ण गरम करून आयडल आणि २५०० आरपीएम अशा दोन स्थितींत दोन्ही ट्रिम, कूलंटचं तापमान, एमएएफ, मागच्या सेन्सरचं व्होल्टेज आणि चार्जिंग व्होल्टेज यांचे स्क्रीनशॉट काढा, तारीख आणि किलोमीटर लिहून फोनमध्ये वेगळ्या फोल्डरला टाका. वर्षभराने दिवा लागेल तेव्हा मेकॅनिकपुढे दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरता येतील.